मोटरवरचं बोट

रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या त्या दुकानात मोटर किती तापली ते मोजायला यंत्र नव्हतं, उस्तादांचं बोट होतं. गाडी पळवून आणली की ते मोटरवर बोट टेकवायचे. पाच मोजेपर्यंत टिकलं तर गिअर बरोबर. नाहीतर मोटरवरचं दातेरी चाक लहान करायचं. वेग घटतो, पण मोटर जळत नाही.

सहा महिन्यांपूर्वी मधुमेहाने त्या बोटाची जाणीव खाल्ली. बोलायची सोय नव्हती. मालक असला निर्दय, की कळताच घरी बसवलं असतं. म्हणून उस्ताद प्रत्येक मोटरवर तीन म्हणताच बोट झटकायचे, "तापली" म्हणायचे आणि लहान चाक बसवून द्यायचे. मोटर एकही जळली नाही, पण गिऱ्हाइकं टोमणे मारायला लागली, "उस्ताद, ही शर्यतीची गाडी की रोडरोलर?"

आज उस्तादांनी बोट झटकलं तसं मालकाने त्याच मोटरवर स्वतःचं टेकवलं आणि आरामात दहा मोजले.



"फार नाजूक झालंय बोट तुमचं. उद्यापासून येऊ नका, मला चटका सोसणारा माणूस लागतो."