अर्धी चकती

स्कूटरखाली सापडून मोडलेला मागचा पाय टेबलावर टेकवून ढब्बू शेपटी हलवत उभा होता. त्याच्या प्लास्टरला भेगा पडल्या होत्या. जनावरांचे डॉक्टर पेडणेकर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "शालनताई, हाड पुन्हा सरकलंय. एवढंसं पिल्लू या पायावर उभं राहतंच कसं?"

शालनने ढब्बूच्या कानामागचे केस बाजूला केले. तिथे अर्धी चकती चिकटवलेली होती.

"सारखा विव्हळत होता. माझ्यातली कापून लावली."

तिचा नवरा गेला तेव्हा भावाने दुखवट्याला साडीबरोबर चकती आणली होती. हल्ली सगळेच आणतात. ती कानामागे लावली की अंगाचं, मनाचं काहीच दुखत नाही. लोक महिन्याभरात काढून टाकतात. शालनला वर्ष होत आलं होतं. ती जेवायची, झोपायची, नवऱ्याच्या फोटोवरची धूळ पुसायची. फोटोकडे बघून काही वाटायचं नाही.

"अहो, दुखलंच नाही तर तो पाय जपणार कसा?" डॉक्टरांनी चिमट्याने चकती सोलून काढली.

ढब्बू किंचाळला. पाय पोटाशी ओढून घेत, थरथरत तो तिच्या कुशीत शिरला. तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"आता हाड बसवलं की जुळेल," डॉक्टर म्हणाले.

शालन बराच वेळ त्या आखडून घेतलेल्या पायाकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून आपला कान डॉक्टरांपुढे केला.

"ही उरलेली पण काढा. माझे दोन्ही हात अडकलेत."