सत्तावीस नंबरचे दोघे

"मॅडम, माझा कागद?"

डॉक्टर दिपालीनं वर पाहिलं. सकाळीच तिनं सत्तावीस नंबरच्या गजेंद्रला त्याचा रिपोर्ट दिला होता. लिंबायत वस्तीतला, कापडाच्या लूमवर काम करणारा, बावीस वर्षांचा. तो आता पुन्हा दारात उभा होता, पण बोलणारा दुसराच होता. गजेंद्रहून वीतभर उंच.

"तुम्ही कोण?"

उंच मुलानं गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्र खाली मान घालून त्याच्याशी अहिराणीत पुटपुटला, "सांगी दे ना आते."

"मी वाल्मिक. याचा धाकटा भाऊ. दुसऱ्या खेपेला मीच आलो होतो. याला शेठनं सोडलं नाही. आणि दोनदा आल्याशिवाय रिपोर्ट नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

हॉस्पिटलच्या त्या छोट्या खोलीत दिपाली दोन महिने एकच काम करत होती. तरुण माणसाच्या गळ्यावर एक आणि जांघेत एक सेन्सर धरायचा आणि नाडीची लाट किती वेगानं जाते ते मोजायचं. रक्तवाहिन्या किती ताठ झाल्यात, ते त्यावरून कळतं. आठवड्यानं पुन्हा तोच माणूस, तेच माप. दोन्ही आकडे जुळले तर ते माप भरवशाचं. चाळीस जणांत सगळ्यांत छान जुळले होते सत्तावीस नंबरचे. सहा पूर्णांक दोन आणि सहा पूर्णांक दोन. तिच्या मार्गदर्शक सरांनी तेच दोन आलेख शोधनिबंधात घेतले होते.

ती वाल्मिककडे बघत राहिली. त्याच्या गळ्यावर उजवीकडे, बरोबर सेन्सर टेकवायच्या जागी, भाजल्याचा रुपयाएवढा डाग होता.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, 'गजेंद्र, झोपा.' मग वर बघितलंच नाही." तो अडखळला. "मलाही बरंच वाटलं. तसं पडलेलो असताना... मीही डोळे मिटूनच होतो."

दिपालीचे कान तापले. जांघेशी सेन्सर धरताना समोरच्याला लाज वाटू नये, म्हणून ती कागदावरच्या लाटेवरून नजर हलवायची नाही. हा आपला चांगुलपणा, असंच ती समजत आली होती.

"आमचे वडील लूमवरच पडले आणि गेले. बेचाळीस वर्षांचे होते," वाल्मिक म्हणाला. "याला तुम्ही सांगितलं, नस चांगली आहे. मग माझी कशी आहे? माझ्या कागदावर नाव याचं आहे."

तिनं नवा कागद घेतला. त्याचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं. त्याला झोपवलं. सेन्सर ठेवण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "माझं चुकलं."

तो गोरामोरा झाला. "नाही मॅडम, खोटं तर आम्ही बोललो," म्हणत छताकडे बघू लागला.

आकडा चांगला आला. कागद घडी करून खिशात ठेवत दोघे भाऊ गेले.

शोधनिबंध दुसऱ्या दिवशी टपालानं जायचा होता. दिपालीनं सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. सर हसून गुजरातीत म्हणाले,

"एक ज ने? काढी नाख. बाकीना तो पाका छे ने?"

बाकीचे पक्के आहेत का, हे बघायला तिनं यादी समोर धरली. एक नंबर, मगन. दोन नंबर, गणपत. नावांवरून बोट फिरवत ती आठवू लागली. लाटा आठवत होत्या. कुणाची उंच, कुणाची बसकी, कुणाची दुहेरी शेंड्याची. बोट बाराव्या नावावर थांबलं. एकाचाही चेहरा येईना.

"सर," ती म्हणाली, "मला नाही माहीत."