घोड्याचा झाला उंट

“हा उंट आहे की घोडा?” विद्युल्लताबाईंनी रिक्षातूनच विचारलं.

वडपे गावातल्या त्या गोदामाच्या फाटकाशी भंगारातल्या लोखंडाचं एक जनावर उभं होतं. गिअरचे गुडघे, साखळीची शेपूट आणि मान थेट आभाळात गेलेली. फाटकावरचा वॉचमन बाळाराम खुर्चीतून उठून रिक्षाजवळ आला.

“घोडाच करायला घेतला व्हता, बाई. मानेची सळई लांब पडली. कापायचं मशीन बंद. मंग शेट बोलला, ऱ्हाऊ दे, उंट हाय.”

विद्युल्लताबाईंना हसू फुटलं. त्यांनी चटकन शेजारी पाहिलं. श्रीनाथराव समोर बघत बसले होते. ओठांची कड जराशी हलल्यासारखी वाटली, पण तेवढीच.

“जवळून बघायचा का?” त्यांनी विचारलं.

“तू उतरलीस तर उतरतो.”

खरं तर विद्युल्लताबाईंना उतरायचं नव्हतं. रस्त्याने कंटेनर धडधडत जात होते. तरी त्या उतरल्या आणि नवऱ्याचा हात घट्ट धरून उंटापर्यंत गेल्या. एकट्याने बाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी श्रीनाथरावांना बजावलं होतं.

श्रीनाथराव म्हणजे एकेकाळी कचेरी हसवणारा माणूस. निवृत्तीनंतरही सकाळच्या चहापासून त्यांची थट्टा सुरू व्हायची. दिवाळी झाली आणि ते गप्प झाले. जेवायचे, पेपर उघडायचे, भिंतीकडे बघत बसायचे. मग एक दिवस आपले आपणच डॉक्टरांकडे जाऊन आले.

“रोज बाहेर पडायला सांगितलंय,” ते म्हणाले. “गमतीचं काहीतरी बघायचं. पण एकट्याने नाही, बायकोबरोबर.”

“माझ्याबरोबरच कशाला? लेकीला बोलवू पुण्याहून चार दिवस.”

“राहू दे मग,” म्हणून ते पुन्हा भिंतीकडे वळले.

विद्युल्लताबाईंना घर पुरत असे. भाजी दारावर यायची, वाणसामान फोनवर. धामणकर नाक्याच्या गर्दीत एकदा चक्कर येऊन पडल्यापासून, उगाच कशाला बाहेर धडपडायचं, असं त्या म्हणायच्या. पण नवरा असा मुका बसलेला त्यांना बघवेना.

पहिल्या दिवशी दोघं कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंतच गेले. रस्ता ओलांडताना श्रीनाथरावांनी त्यांचा हात धरला. घाबरलेत बिचारे, असं विद्युल्लताबाईंना वाटलं. सलूनच्या पाटीवर रंगवलेल्या गिऱ्हाइकाला एकच भुवई होती. दुसरी रंगारी विसरला होता.

“केसांबरोबर भुवईपण उडवली वाटतं,” त्या म्हणाल्या.

श्रीनाथराव हसले नाहीत. “उद्या जरा पुढे जाऊन बघू,” एवढंच म्हणाले.

मग हा नादच लागला. एका टेम्पोच्या पाठीवरचा वाघ चष्मा हरवल्यासारखा बघायचा. लस्सीच्या दुकानावर पाच पायांची गाय होती, तिच्यासमोर उभं राहून विद्युल्लताबाईंनी पायांवरून दुकानदाराशी वाद घातला. तो म्हणाला, पाचवा पाय म्हणजे शेपूट. नवरा हसावा म्हणून त्या अशी चित्रं हुडकायच्या आणि शेवटी हसायच्या मात्र एकट्याच. रात्री आठवून पुन्हा हसायच्या. उंट बघून आल्यावर तर त्यांनी ठरवलं की आता आपणच एक काढायचं.

जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे चित्रकलेची धाव त्रिकोणापर्यंत. तरी गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावर त्यांनी हत्ती काढायला घेतला. कान त्रिकोणी झाले.

“हे काय आहे?” श्रीनाथरावांनी विचारलं.

“हत्ती. सोंड राहिलीय.”

“बरं,” ते म्हणाले आणि खोकत आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोंड अर्धी झाली आणि करडा रंग संपला. श्रीनाथराव डोळ्यांवर पेपर घेऊन झोपले होते. अर्ध्या सोंडेचा हत्ती काही विद्युल्लताबाईंना बघवेना. त्यांनी पायांत चपला अडकवल्या, खाली येऊन शेअर रिक्षा पकडली आणि धामणकर नाक्यावर उतरल्या. रंगांच्या दुकानदाराने तीन करडे दाखवले. त्यांनी हत्तीचा निवडला.

“अहो, हा बरोबर आहे ना?” म्हणून त्या शेजारी वळल्या, तर शेजारी कोणीच नव्हतं.

आपण एकट्याच आलोय, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. भोवती गर्दी, हॉर्न, कापडाचे तागे लादलेल्या हातगाड्या. त्यांनी काउंटर धरला. तेवढ्यात एक ट्रक दुकानासमोरच अडकला. त्याच्या मागच्या फळीवर पिसारा फुलवलेला मोर होता आणि मोराला चक्क मिशा होत्या. विद्युल्लताबाई बघत राहिल्या. मग अशा हसल्या की दुकानदारही बाहेर डोकावला.

“त्याच्या मालकाला भी तशाच मिशा आहेत, आंटी,” तो म्हणाला.

घरी आल्या तेव्हा श्रीनाथराव दारातच उभे होते.

“कुठे गेली होतीस?”

“नाक्यावर. रंग संपला होता. अहो, ऐका तरी, मिशीवाला मोर बघितला.”

त्यांनी हातवारे करत सगळं सांगितलं. पिसारा, मिशा, तो ट्रकवाला. श्रीनाथराव ओठ दाबून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काय झालं हो?” त्या घाबरल्या.

“काही नाही. तू सोंड पुरी कर, रंग वाळेल.”

निदान डोळे तरी पाणावले, काहीतरी फरक पडतोय, असं मनाशी म्हणत विद्युल्लताबाई हलक्या मनाने गॅलरीत गेल्या.

श्रीनाथरावांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि फोन लावला. “डॉक्टर,” ते हळूच म्हणाले, “ती आज एकटी नाक्यावर जाऊन आली. आता मी हसलो तर चालेल ना?”