सगळं येतं

"मशीन लावण्याआधी काय काय बघाल, ते सांगा," परीक्षक म्हणाली.

मिस्त्री गालातल्या गालात हसला. वीस वर्षं तो स्लॅबला आणि भिंतींना गोल भोकं पाडत आला होता, आणि त्याची परीक्षा घ्यायला कार्यालयाने ही तिशीतली बाई पाठवली होती. पण नियम नवा होता. परवाना नसेल त्याने यापुढे भोकं पाडायच्या कोअर मशीनला हात लावायचा नाही.

"स्लॅबमध्ये सळई कुठे आहे, वायर कुठे आहे, ते बघायचं. स्टँड बोल्टने घट्ट आवळायचा. पाणी सुरू. वायर ओल्यात नको. हातमोजे सैल नकोत." तो बोटांवर मोजत म्हणाला. "अजून सांगू?"

"नको. करून दाखवा."

मिस्त्रीने तिला ओळखलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याने तिला एकदाच पाहिलं होतं, दवाखान्याच्या जिन्यात, आणि तेव्हा तिचं तोंड पदरात होतं. त्या दिवशी त्याने कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा, नऊ किलोचा, खालच्या मजल्यावर तिच्या धाकट्या भावाच्या पाठीवर पडला होता. भाऊ तेव्हापासून अंथरुणावर होता. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. चौकशीत मिस्त्री हात जोडून म्हणाला होता, "साहेब, खाली राखणीला माणूस उभा करायचा असतो, हे मला कुणी शिकवलंच नाही. मी अडाणी माणूस." साहेबांना ते पटलं. तो सुटला.

यादीत त्याचं नाव दिसल्यापासून तिचं एकच ठरलं होतं. एक चूक, की नापास. मग बसू दे घरी.

मिस्त्रीने मशीन उचललं नाही. आधी तो जिन्याच्या तोंडाशी गेला आणि परीक्षेच्या रांगेत थांबलेल्या दोघांपैकी एकाला म्हणाला, "तू खाली जा. दोरी बांध आणि तिथेच थांब. मी हाक मारेपर्यंत कुणाला आत सोडू नकोस. पाहुणा असला तरी."

तिचं पेन कागदावर थांबलं.

मग त्याने काम केलं. मधेच मशीनचं कापणारं नळकांडं, बिट, सळईत अडकलं. त्याने बटण सोडलं, प्लग काढला, पान्याने बिट हळूहळू उलटं फिरवून मोकळं केलं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. शेवटची दोन बोटं उरल्यावर खाली हाक दिली, उत्तर आलं तेव्हाच पुढे गेला. इतकं नेटकं काम तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

आजवर तिचा राग एका अडाणी माणसावर होता. आता तो माणूसच राहिला नाही.

"छान केलंत," ती म्हणाली. "खाली माणूस उभा करायचं कुठे शिकलात?"

मिस्त्री खुलला. "उस्तादाने शिकवलं, मॅडम. पहिल्याच दिवशी. विसरलो तर कानाखाली आवाज काढला होता. वीस वर्षं झाली, अजून गाल आठवतो."

रांगेतले दोघे हसले. खाली गेलेलाही आता वर आला होता.

"कधी राहूनही गेलं असेल?"

"खोटं कशाला बोलू? कंत्राटदार डोक्यावर बसला की राहतं एखाद्या वेळी. म्हणून काय आम्हाला कळत नाही असं नाही."

तिने शब्दन् शब्द लिहिला, त्याला वाचून दाखवला आणि कागद पुढे केला. त्याने ऐटीत सही केली. तिने त्या दोघांच्याही साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. मग तिने आपल्या भावाचं नाव सांगितलं.

मिस्त्रीने पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. रांगेतल्या दोघांनी माना खाली घातल्या.

"तुम्हाला सोडलं त्याविरुद्ध आईने अपील केलंय, गुरुवारी तारीख आहे," ती म्हणाली. "हा कागद तिथे देणार आहे."

"तुम्ही त्याची बहीण. तुम्हाला माझी परीक्षा घेता येते?"

"नाही. यादीत माझ्या ओळखीचा माणूस नाही, असं मी खोटं लिहून दिलंय. माझी नोकरी जाईल."

"मग?"

"सही तुमची आहे. ऐकणारे हे दोघे आहेत."

तो खाली बसला, ओल्या स्लॅबवरच. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. केस घामाने चिकटले होते. बोलला तेव्हा आवाज चौकशीतल्यासारखाच बारीक झाला होता, पण या वेळी त्याने हात जोडले नाहीत.

"नापास करा मला, मॅडम. लिहा की याला काही येत नाही. परवाना नको. मी दुसरं काही बघीन."

"कसं लिहू?" ती म्हणाली. "तुम्हाला सगळं येतं."

निकालाच्या रकान्यात तिने मोठ्या अक्षरांत 'उत्तीर्ण' लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरून ठेवला.