टोपणावरचा हात

मालतीनं स्टुलावर चढून टाकीचं झाकण बाजूला केलं आणि आत डोकावली. पाणी होतं! काठोकाठ, तळाचं रबरी टोपण दिसेल इतकं नितळ. तिला रडूच फुटलं. घरात आता एवढंच पाणी उरलं होतं, आणि तेही संडासाच्या टाकीत.

बाहेर खोलीत चिंतामणी निपचित पडला होता. वर्षाचं पोर, कालपासून हगवण लागलेली. डोळे खोल गेलेले, ओठ वाळलेले, आणि सकाळपासून लघवी म्हणून नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून चमच्याचमच्यानं पाजत राहा, हात आखडलात तर पोर हातचं जाईल; लघवी झाली की समजा, पोर तरलं.

पण पाजायचं कुठून? बहात्तर सालच्या दुष्काळानं सोलापूरचे नळ कोरडेठाक केले होते. घरात भरलेला एक हंडा होता, तो सकाळी सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, मोरीत ओतला. का? तर पोराचे घाण कपडे पिळता पिळता मालतीचा हात हंड्याला लागला! "येईलच की आत्ता नळाला," म्हणाल्या. कसलं येतंय! नवरा मुकुंद घागरी घेऊन टँकरच्या रांगेला गेला तो तिकडेच. शेजारच्या बाळाबाईनं कपाळाला हात लावला. "कुटनं देऊ वैनी? आमचाबी रांजण कोरडा हाय की."

ही विलायती टाकी मुकुंदची लाडकी. मिलच्या साहेबाच्या बंगल्यातून मोडीत निघाली, तेव्हा त्यानं ती आणून संडासात भिंतीवर बसवली आणि तो आल्यागेल्याला ती उघडून दाखवायचा. पाहुण्याचा चहा गार होवो, व्याख्यान पुरं झालंच पाहिजे. तळाशी भोक, भोकावर पोकळ रबरी टोपण. टाकी भरली की पाण्याचाच भार टोपणाला दाबून धरतो. साखळी ओढली की टोपण उचललं जातं आणि पोकळ म्हणून तरंगत राहतं. सगळं पाणी खाली गेलं की मगच परत भोकावर बसतं. पाणीटंचाई लागल्यापासून साखळीला हात लावायची सगळ्यांना बंदी होती, म्हणून तर टाकी भरलेली राहिली.

मालती तांब्या बुडवायला वाकली आणि तिचा पदर साखळीत अडकला. हिसका बसला. टोपण उचललं गेलं आणि पाणी घळाघळा खाली धावलं. "अगं बाई गं!" तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि टोपण भोकावर दाबलं. तांब्या हातातून सुटून खाली संडासाच्या भांड्यात पडला. पाणी थांबलं. निम्मं गेलं होतं.

तिनं हात जरा सैल केला. टोपण तिरकं होऊन लगेच वर आलं. हिसक्यानं त्याला जागेवर धरणारा एका बाजूचा कान तुटला होता, ते भोकावर नीट बसतच नव्हतं. तिनं ते परत दाबलं. आता हात काढला की उरलेलं पाणीही गेलं. दुसऱ्या हातानं ती भिंतीतला पाइप धरून उभी होती, तो सोडला तर स्टुलावरून तोल जायचा. पाणी कोपरापर्यंत होतं आणि त्यातला थेंबही तिला घेता येत नव्हता.

घरात होत्या फक्त रुक्मिणीबाई. त्या संडासाच्या या बोळातून यायच्या नाहीत, या दिशेला तोंड करून जेवायच्याही नाहीत. सकाळपासून मालतीला त्यांचा इतका संताप आला होता की त्यांच्याशी बोलूच नये असं वाटत होतं. पण पोरापुढे कसला संताप नि कसलं काय!

"आई! पातेलं घेऊन या! इकडे, संडासात!"

रुक्मिणीबाई दारात आल्या. अंगावर सोवळं, हातात पातेलं आणि फुलपात्र. त्यांनी वर पाहिलं.

"नळाचंच आहे हो आई, घाण सगळी टाकीच्या खाली. हात सोडला तर जाईल सगळं. पाया पडते तुमच्या."

रुक्मिणीबाईंनी पदर खोचला, कोपऱ्यातली रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढल्या. पहिलं फुलपात्र भरलं आणि मालती बघत असतानाच स्वतःच्या तोंडाला लावलं.

"आई, अहो काय करता हे!"

"गप. टोपण दाब तू. उद्या कुणी नाक मुरडलं तर सांग, आधी सासू प्याली म्हणून."

पातेलं भरलं. मालतीचा हात बधिर झाला होता. स्टोव्हवर पाणी उकळलं, निवलं. पहिला चमचा पोरानं ओकून टाकला, दुसराही. पुढे कधी पोटात राहिलं, कधी नाही. दुपार कलली, मुकुंदचा पत्ता नाही. रुक्मिणीबाईंनी नातवाला त्याच सोवळ्यात मांडीवर घेतलं होतं आणि चमचा काही केल्या मालतीच्या हाती देईनात. मालतीला पोराकडे बघवेना. ती दारात जाऊन रस्त्याकडे डोळे लावून बसली.

तेवढ्यात आतून हाक आली. "मालती!"

संपलं सगळं, असं म्हणत ती भिंतीला धरून आत आली.

रुक्मिणीबाई हलल्यासुद्धा नव्हत्या. मांडीवरचं सोवळं चिंब झालं होतं, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं.

"अगं ये, बघ तरी! भिजवलं गं मला, पार भिजवलं!"