जबाब

“असली पुस्तकं छापणाऱ्याला आधी धरलं पाहिजे!” सिस्टर कडाडल्या आणि त्यांनी हातातला जाडजूड ग्रंथ टेबलावर असा आपटला, की पहिल्या रांगेत पेंगणारे निवृत्त पोस्टमास्तर दचकून ताठ बसले.

वाचनालयात दर महिन्याला कुणीतरी एक जण नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवर बोलत असे. आज पाळी सिस्टरांची होती. इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून त्या महिन्याला पाच-सहा पुस्तकांचा फडशा पाडत, आणि मग एकेकाची अशी साल काढत की ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळे. आजही सुरुवात तशीच झाली. एका प्रवासवर्णनाचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला. “गृहस्थ तीन देश हिंडून आले आणि सांगतात काय, तर गाद्या मऊ होत्या!” मग एक कादंबरी. “नायिका दर चार पानांनी चक्कर येऊन पडते. माझ्या वॉर्डात असती तर आधी हिचं रक्त तपासायला पाठवलं असतं.”

मग त्यांनी तिसरं पुस्तक उचललं. त्यांच्याच इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांचं ते आत्मचरित्र. सिस्टरांनी खूण केलेलं पान उघडून वाचलं.

“‘एका शिकाऊ नर्सने इंजेक्शनचा डोस दहापट दिला. सात वर्षांचं मूल दगावलं. तरीही मी तिला पोलिसांच्या हवाली केलं नाही. कामावरून कमी करण्यावर भागवलं.’ भागवलं म्हणे! केवढं मोठं मन!”

कुणी हसलं नाही.

“खोटं आहे हे. डोस यांनीच चुकीचा लिहिला होता. दशांशचिन्ह द्यायचं राहिलं. केसपेपर मी या डोळ्यांनी पाहिलाय. कागदावर लिहिलं होतं तेवढंच त्या पोरीने टोचलं. संध्याकाळपर्यंत केसपेपर बदललेला! मला कुणी विचारलं असतं ना, तर यांच्या तोंडावर सांगितलं असतं. पण विचारतंय कोण? एकोणीस वर्षांची पोर होती ती. चार दिवसांत तिची हॉस्टेलची खोली रिकामी झाली. अडतीस वर्षं हा राग माझ्या पोटात आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमास्तर तर उभेच राहिले.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठली. साठीला टेकलेली, उंच, खांद्याला कापडाच्या तुकड्यांनी फुगलेली पिशवी.

“बाहेरच्या फळ्यावर या पुस्तकाचं नाव दिसलं म्हणून आले,” ती म्हणाली. “ती मुलगी मीच, सिस्टर.”

सिस्टरांनी चष्मा सारखा केला. ओळख पटली आणि त्यांचा आवाज आणखी चढला. “ये, पोरी, पुढे ये! सांग सगळ्यांना. या माणसाने तुझी काय दशा केली ते सांग!”

बाई पुढे आली. “सांगण्यासारखं फार नाही. शाळेचे गणवेश शिवून पोट भरलं. नर्सिंगमध्ये पुन्हा कुणी घेतलं नाही. चौकशीतला एक जबाब माझ्या फायलीला लागला होता. जिथे अर्ज करावा तिथे तो दाखवायचे.”

“काय होतं त्यात?”

बाईने शाळेत कविता म्हणावी तसं सुरू केलं. “‘केसपेपरवर डोस बरोबर लिहिलेला होता, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. सदर शिकाऊ परिचारिकेने तो न वाचता इंजेक्शन दिले. ती कामात हलगर्जी आहे, असे माझे पूर्वीपासूनचे मत आहे.’”

“नीच माणूस!” सिस्टरांनी टेबलावर मूठ आपटली. “हात झडला नाही याचा सही करताना?”

“सही तुमची आहे, सिस्टर.”

“माझी? काहीतरीच काय बोलतेस! मी कशाला...”

आणि त्या थांबल्या. मूल दगावलं त्या आठवड्यात ऑफिसातला कारकून कागदांचा गठ्ठा घेऊन वॉर्डात आला होता. ड्युटीचा तक्ता, औषधांची मागणी, खाली आणखी दोन-तीन टाइप केलेले कागद. ऑपरेशन झालेला एक पेशंट ओरडत होता. ‘सिस्टर, इथे, इथे आणि इथे,’ कारकून म्हणाला होता. कागद भिंतीला टेकवून त्यांनी उभ्याउभ्याच सह्या ठोकल्या होत्या.



“मी भांडायला नाही आले,” बाई म्हणाली. “एवढंच विचारायचं होतं. सही करण्याआधी तुम्ही तो जबाब वाचला होता का?”

सिस्टरांनी लोकांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

“नाही गं. नाही वाचला.”

बाईने पिशवी खांद्यावर सारखी केली.

“मला वाटायचं, वाचूनच केली असणार,” ती म्हणाली. “सिस्टरांच्या घरी दोन लहान मुलं, डोक्यावर मोठे डॉक्टर. नाइलाज झाला असेल बिचारीचा. म्हणून मी तुम्हाला केव्हाच माफ करून टाकलं होतं.”