पाटी कोण वाचणार?

“कागद समोर ठेवणार आणि वाचायला लावणार,” फोनच्या स्पीकरवरून लेक म्हणाली. “दोघांपैकी एकाला तरी स्टेशनावरची पाटी धड वाचता यायला हवी. नाहीतर युरोप रद्द. मागच्या महिन्यात बाबा भलत्याच बसमध्ये चढले होते, विसरले नाहीये मी.”

“विचारांत होतो गं,” तो म्हणाला.

“आणि ड्रायव्हरला शेजारचे काका समजून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केलीत, तीही विचारांतच! सगळा कार्यक्रम तुमच्याकडे छापायला टाकलाय. पोचतेच मी.”

कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि एकेक कागद बाहेर सोडू लागला.

तो जागचा हलला नाही. उभा जन्म त्याने प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढला होता, आणि आता त्याच डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं. नजर जिथे रोखावी तिथेच मात्र डाग. दार दिसे, दारावरचा आकडा नाही. माणूस दिसे, चेहरा नाही. छापील पान म्हणजे नुसतं पांढरं धुकं. डॉक्टर सोडून हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ही सहल त्यांनी वर्षानुवर्षं पुढे ढकलली होती. आधी त्याची नोकरी, मग सासूबाईंचं आजारपण, मग लेकीचं शिक्षण. आता ढकलायला जागा नव्हती. पानगळीतल्या एखाद्या मोठ्या झाडाचा रंग त्याला अजून कडेने टिपता येत होता. पुढच्या वर्षी येईल की नाही, डॉक्टर सांगेनात. पानगळीचा हट्ट बायकोचाच. “उन्हाळ्यात ऊन फार डोळ्यांवर येतं,” ती म्हणाली होती, आणि तो मनातून खूश झाला होता.

“अहो, आणा ना ते कागद,” ती म्हणाली. ती टेबलाशी मटार सोलत होती. बोटं सराईतपणे चालली होती.

त्याने कागद आणले.

“वाचा. व्हिएन्नाला कुठे उतरायचं?”

“तूच वाच की.”

“हात बरबटलेत माझे.”

 त्याची तयारी होती. रोज सकाळी फिरायला जाताना फोन त्याच्या कानात लेकीने पाठवलेला सगळा कार्यक्रम वाचून दाखवायचा. शहरांचा क्रम, गाड्या, हॉटेलं, सगळं तोंडपाठ होतं. त्याने कागद डोळ्यांसमोर धरला आणि घडाघडा बोलला. “स्टेशनाच्या मागच्या गल्लीत. खाली बेकरी आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे.”

मटार सोलणारी बोटं थांबली. 

“बरोबर,” ती म्हणाली.

 बरोबर? म्हणजे ती ताडून पाहत होती. लेकीआधी हिनेच परीक्षा मांडली होती. आणखी एक प्रश्न आला, भलत्या पानावर बोट ठेवून, की संपलं.

चढाई हाच बचाव, असं मनाशी म्हणत त्याने कागद तिच्यापुढे सरकवले. “आता पुसा हात. मास्तरीणबाईंची परीक्षा आम्ही कधी घ्यायची?”

“माझी कसली परीक्षा?” ती हसली. हसू जरा उशिरा आलं. तिने हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. मग चष्मा चढवला, पानाच्या माथ्याशी बोट ठेवलं, आणि भूगोलाच्या तासाला लावायची तो खणखणीत आवाज लावला.

“पहिला मुक्काम प्राग. हॉटेल पुलापासून जवळ. तिथून आगगाडीने व्हिएन्ना, खिडकीजवळच्या जागा. मग साल्झबर्ग, तिथे गड चढायचा की नाही ते गुडघ्यांना विचारून. शेवटी बुडापेस्ट, नदीकाठची खोली.”

बोट ओळीमागून ओळ सरकत होतं. कुठे अडखळणं नाही, कुठे कागद डोळ्यांजवळ नेणं नाही. मधेच तिने पानसुद्धा उलटलं. तो मनातल्या मनात ताडून पाहत होता. शब्दाला शब्द जुळत होता. आणि का नाही जुळणार? हौस तिला केवढी! रोज दुपारी लेकीला फोन करून “पुन्हा पहिल्यापासून सांग” म्हणायची.

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. हिचे डोळे शाबूत होते. दोन माणसांना एक जोडी पुरते. पाट्या ती वाचेल, सामान तो उचलेल. आपलं गुपित विमान सुटल्यावर सांगू, म्हणजे परत फिरायची सोय नाही.

“शंभरपैकी शंभर,” तो म्हणाला. 

दार उघडलं. लेक धापा टाकत आत आली. आईचं बोट अजून पानाच्या तळाशी होतं. लेकीने एक छोटा खोका टेबलावर आपटला.

“सॉरी, सॉरी! पाठवल्यावर आठवलं, तुमच्या प्रिंटरची शाई मागच्याच आठवड्यात संपलीय. सगळी पानं कोरीच आली असतील ना?”